वाघाचं सुतक

लिहा बाई, माहं नाव दौलत. आडनाव नका टाकू. गाव वैनगंगेच्या काठचं, वडशापासून सायकलनं तासाभराचं, सारा धानाचा मुलुख, अन् वय म्हनाल तं ऐंशीच्या आसपास, कागदावर दुसरंच हाय, ते मास्तरनं आपल्या मनानं टाकलं होतं. आता इथी अहेरीले राह्यतो, बसस्टँडच्या मागं एक खोली हाय, एक चूल हाय, सारे म्हनतात गॅस घ्या बाबा, पन एका मानसाच्या भातासाठी गॅस कशाले. इतके वर्स कोनी इचारलं नाई म्हनून सांगायची सवय मोडली, इकडचं तिकडे झालं तं सांभाळून घ्या.

आमच्या वस्तीकडे गावातले मेलेले ढोरं ओढायचं काम होतं. कोनाचा बैल मेला, म्हैस मेली की हाका यायच्या, अन् माहा आजा खांद्यावर दोर टाकून निघायचा. आज्याचा हात असा होता बाई, की चार कोसांतून लोकं त्याले बोलावत. मले लहानपनी बाजूले बसवून शिकवलं त्यानं, हे पाह्य दौलत, हनुवटीपासून चिरत यायचं, अन् मंग सुरी खाली ठेवून द्यायची, सुरीनं कातड्याले भोकं पडतात, मुठीनं ढकलायचं, मूठ आपली वाट आपन काढते. अन् ऊन चढायच्या आत मीठ लागलं पायजे, नाईतं केस सुटतात, अन् केस सुटले की त्या कातड्याले कोनी कुत्रंही इचारत नाई. कातडं वाया गेलं की आजा त्या दिवशी जेवत नसे. हे काऊन सांगून राह्यलो तुमाले, तं माहं जे वाटोळं झालं ते ह्या शिकवनीनं झालं. आज्याचा दोष नाई. शिकवन चांगलीच होती.

मंग आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली. मी दहा-अकराचा असन. सारे बसले अन् ठरलं, आजपासून मेलेल्या ढोराले हात लावायचा नाई. त्याच आठवड्यात पाटलाचा बैल मेला, तीन दिवस वाड्यामागं पडून होता, सारं गाव नाकाले पदर लावून फिरे, पाटलाची मानसं येऊन विनवून गेली, धमकावून गेली, पन कोनी उठलं नाई. माहा बाप दारात बसला होता, मी त्याले एवढा ताठ बसलेला कधी पाह्यला नव्हता. मंग त्यानं आज्याची सुरी नेऊन वैनगंगेत टाकली. आजा काठावर उभा होता, घरी येऊन त्यानं हात धुतले, अन् थोड्या येळानं पुन्हा धुतले.

आता अशा बापाचा मी पोट्टा, अन् एकोनीस वर्साचा झालो तं काय केलं, इकडे अहेरीले कातड्याच्या सेठाकडे कामाले लागलो. मजुरी नव्हती गावात, दुसऱ्याच्या बांध्यांत धानाचा रोवना करून कंबर मोडे, अन् वडशाच्या बाजारात कोनी सांगितलं, अहेरीच्या सेठाले कातड्याचा हात असलेला मानूस पायजे. मले वाटलं, हात तं माह्यापाशी हाय. बाप म्हने, तो वास आपल्या घरातून जायले किती वर्स लागले तुले मालूम हाय का, अन् तू सोताच्या पायानं तिकडे चालला. मी म्हटलं, ते ढोरं गावकीचे होते, बेगारीचे होते, हा धंदा हाय, रोजगार हाय. बाप म्हने, जा, पन तो वास घेऊन इथी येऊ नको. मी बी रागाचा, म्हटलं नाई येत. असं घर सुटलं माहं पयलं.

सेठाचं गोदाम म्हंजे मोठं लांब, कौलारू, आत गेलं की डोळ्यांतून पानी यायचं. एका अंगाले मिठाची पोती रचलेली अन् दुसऱ्या अंगाले कातडे. घोरपडीचे, अजगराचे, पानमांजराचे, बिबट्याचे, सांबर-चितळाचे. तेव्हा कायदा नव्हता ना बाई, कायदा मंग आला. सेठाचा म्हातारा मुनीम होता, अफू खाऊन बसे अन् सांगत राहे, हा धंदा सेठाच्या आज्याचा, गोऱ्या साहेबाच्या राज्यातला. साहेबाचा तंबू नदीकाठी पडे, सेठाचा आजा मीठ घेऊन जाई, जंगलातून माडिया लोकं पानमांजराचे कातडे घेऊन येत, ते कलकत्त्याले जात अन् तिथून जहाजानं इलायतेले, तिकडे मडमांच्या गळ्याशी लागत. माडिया मानसाले चिमूटभर मीठ अन् मडमेले गळ्याशी ऊब, मधात आपन, असं म्हने मुनीम, अन् हासे. मले बी हासू येई तेव्हा. मीठ अन् कातडं, याच्या पल्याड मी काई पाह्यलं नव्हतं.

माहं काम असं, की दिवाळीनंतर बैलाच्या पाठीवर मीठ, तंबाखू, सुया, लाल कापड, काचेचे मनी लादायचे अन् चार-पाच दिवस जंगलातून चालत माडियांच्या गावात जायचं. तिथी राह्यायचं, कातडे गोळा करायचे, कच्चे असले तं नीट करायचे, अन् पावसाच्या आत परत. मीठ नसलं की काय होते ते तुमाले नाई समजनार बाई, तुमच्याकडे पुडी मिळते. तिथी लोकं मापाले माप चारोळी देत मिठासाठी. चारोळी देऊन मीठ! माह्या हातात मिठाचं पोतं म्हंजे मी कोन होतो तिथी, काय सांगू तुमाले. मले सारे मिठवालाच म्हनत, दौलत कोनी म्हटलंच नाई.

ज्या गावात मी थांबे, तिथी लालसू म्हनून एक मानूस होता, त्याच्या अंगनात माहं सामान उतरे. कमी बोलनारा. एकदा मी त्याले म्हटलं, दादा, तुमच्या नदीत पानमांजर काऊन भेटत नाई आता, सेठ मागून राह्यला. तं तो म्हने, माहा आजा सांगे, आमी पोरं डोहात पोहत होतो तं ते बाजूले खेळत. मंग साहेबाचा मानूस मीठ घेऊन आला, केसाळ जनावरं आना म्हने. त्याच्या आधी आमी कातडं ढोलाले लागलं तेवढंच घेत होतो. आता माह्या पोरीनं पानमांजर पाह्यलंच नाई. असं बोलला अन् उठून गेला, अन् मी तिथी घोरपडीचं कातडं ताठ करत बसलो होतो, मले काई लाज वाटली असं नाई बाई, खरं सांगतो, वाटली असती तं बरं झालं असतं.

दुसऱ्या साली मी तिथून येळेत परत निघालो नाई. थंडीताप चढला, अन् नद्या भरल्या, चार महिने कुनीकडे वाट नाई. सेठानं मानूस पाठवायले पायजे होता, नाई पाठवला. मी लालसूच्या पडवीत पडून होतो. त्याची पोरगी झुरी, तिनं मले जगवलं. पेज पाजे, कसला तरी कडू पाला वाटून देई, अन् तापात मी आमच्या बोलीत बडबडे तं ती तिच्या बोलीत उत्तर देई, दोघांनाही एकमेकांचं समजत नव्हतं अन् बोलनं चालूच. बरा होईपर्यंत मी माडिया शिकलो. पयली गोष्ट तिनं मले काय इचारली, तं तुह्या घरी कोन हाय. मी म्हटलं कोनी नाई. ती म्हने, असं कसं, कोनी तं असनच. मी म्हटलं, बाप हाय, पन त्यानं येऊ नको म्हटलं. तिनं पेजेचं भांडं माह्यापुढं सारलं, अन् म्हने, तं इथीच राह्य.

एवढं सोपं नसते बाई. बाहेरच्या मानसाले कोनी पोरगी देत नाई. गावाचा मुख्य, त्याले गायता म्हनतात, त्यानं सारी मानसं बसवली. लालसू म्हने, मुलाकडून आमच्यात पोरीच्या घरी द्यायचं असते, याच्यापाशी काई नाई, मीठ तं सेठाचं हाय. ज्याच्यापाशी द्यायले नसते तो पोरीच्या घरी राबते, त्याले लमझना म्हनतात. तीन पेरे, म्हंजे तीन सालच्या पेरन्या, राबन, मंग पाहू. गायता म्हने, राबू दे, पन हे घर वाघाचं हाय ते त्याले सांगून ठेव. त्यांच्यात हर कुळाचा एक जीव असते, कोनाचं कासव, कोनाचा बोकड, लालसूच्या कुळाचा वाघ. तो मारायचा नाई, इकायचा नाई. मी म्हटलं, कबूल. सेठ दर येळेस म्हने, वाघाचं आन रे, मी म्हनो, त्या गावात नाई भेटत.

तीन पेरे मी राबलो. झाडं तोडून पेरा केला, आपल्यासारखी कापसाची पऱ्हाटी नाई हो, तिथी कोसऱ्याचं बारीक दानं अन् धान, कुंपनं बांधली, झुरीच्या मायसाठी लाकडं आनली. उन्हाळ्याच्या आधी एक चक्कर अहेरीले मारायचो, कातडे टाकायचो, मीठ आनायचो, की पुन्हा पळत तिकडे. बैलाले बी समजलं होतं, जाताना हळू चाले अन् येताना मले ओढे. झुरी नदीपर्यंत सामोरी यायची. तिले मी एकदा मन्यांची माळ दिली, तं तिनं घेतली नाई, म्हने, हे सेठाचे. मंग मी करंजाच्या बियांची ओवून दिली, ती तिनं घातली. हासता का बाई, हासा, मी बी हासतो एकटा असलो की.

तिसऱ्या पेऱ्यानंतरचा उन्हाळा. मोहफुलं येचायले बाया गेल्या होत्या, त्या पळत आल्या. नाल्याच्या काठी वाघ मरून पडला होता. म्हातारा वाघ, पुढचे दात झिजलेले, अंगावर गोळी नाई, जखम नाई, आपल्या मौतीनं पानी पीता पीता मेला. लालसूच्या घरात जे रडनं उठलं बाई, मी समजलो घरातलं कोनी गेलं. लालसू कपाळ ठोकून घेऊन राह्यला, झुरीची माय जमिनीवर लोळून राह्यली. चूल इझवली, घरातले मडके बाहेर आनून फोडले, मानसं मेल्यावर करतात तसं सारं. झुरी बी रडत होती, मी पाह्यत उभा होतो, मले समजे नाई तोंड कसं करावं.

आता कुळाचं मानूस मेलं की कुळवाल्यानं त्याले हात लावायचा नाई, माती द्यायचं काम सोयऱ्याचं, अशी त्यांची रीत. अन् आजूबाजूच्या चार गावांतले वाघकुळाचे सारे येईपर्यंत माती द्यायची नाई, अन् तोपर्यंत त्याले एकटं सोडायचं नाई. लालसूनं मले हाक मारली. म्हने, आमी सांगावा घेऊन चाललो, तू त्याच्यापाशी बस, गिधाड येऊ देऊ नको. बस एवढंच. खांद्यावर हात ठेवून गेला. मले वाटलं राखनदारीचं काम हाय. ते तसं नव्हतं बाई. त्याच्यापाशी सोयऱ्यानंच बसायचं असते. मले बसवलं म्हंजे मले सोयरा केला, जावई केला त्यानं, माह्या तीन पेऱ्यांचं उत्तर होतं ते, अन् मले समजलं नाई.

बसलो. सकाळ होती. पळसाची फांदी घेऊन माशा हाकलून राह्यलो. ऊन चढलं. मी त्या वाघाकडे पाह्यत होतो, अन् काय पाह्यत होतो, तं कातडं पाह्यत होतो. असं कातडं मी गोदामात कधी पाह्यलं नव्हतं, एक भोक नाई, एक चीर नाई. दुपारच्या आधी पोट फुगायले लागलं. मले मालूम होतं आता काय होनार, पोटाकडून केस सुटनार, संध्याकाळपर्यंत मुठीत येतीन. माहे हात शिवशिवायले लागले. मनात म्हटलं, मारायचा नाई, तं कुठी मारला, आपल्या मौतीनं मेला. आमच्या आज्यानं जनमभर काय केलं, आपल्या मौतीनं मेलेलंच सोललं ना, त्यात पाप कुठी. म्हटलं उद्या मातीतच जाईन, मातीले कातड्याचं काय करायचं हाय, आतलं सारं तसंच ठेवू, त्याले नीट झाकू, कोनाले काय दिसते. लोभ होता का, तं होता, सेठ मले काय म्हनन ते बी मनात आलं, लालसूले बैलाची जोडी आनून देऊ असं बी मनात आलं. पन लोभापेक्षा बी बाई, वाया चाललं होतं ना ते. माह्या डोळ्यांसमोर वाया चाललं होतं. ते मले सोसलं नाई.

सुरी कमरेले होती. मीठ माह्या पोत्यातलं, धावत जाऊन घेऊन आलो. अन् एकदा मूठ आत गेली की मंग मी कोनी नव्हतोच, आज्याचा हात चालून राह्यला होता. इतकं सफाईनं मी कधी सोललं नाई. पसरलं, मीठ चोळलं, कानामागं, पंज्यांत, सारं. अन् मले त्या येळेस चांगलं वाटत होतं, हे बी लिहा.

झुरी माह्यासाठी पेज घेऊन आली होती. मी मान वर केली तं ती उभी. तिनं पेजेचं भांडं खाली ठेवलं, हळूच, सांडू नये म्हनून. मंग त्या उघड्या पडलेल्या वाघाकडे गेली, हात तं लावता येत नाई, म्हनून साजाच्या झाडाच्या फांद्या तोडून तोडून त्याच्यावर टाकत राह्यली, माह्याकडे पाह्यलं नाई. मी म्हटलं, झुरी, तो मेलेलाच होता. ती म्हने, तुले बसवलं होतं ना त्याच्यापाशी. बस. त्याच्यानंतर ती माह्याशी बोलली नाई, एक शब्द नाई, आजपर्यंत.

चार गावांची मानसं आली. मले कोनी मारलं नाई. मारलं असतं तं मी आज असं बोलत बसलो नसतो, मार खाल्ला की मानूस मोकळा होते. गायता म्हने, त्याचं त्याले परत दे. मंग मी ते कातडं नाल्यावर नेलं अन् धुतलं, मीठ निघता निघत नाई बाई, केसांत बसलेलं, मी चोळून राह्यलो अन् ते सारे दूर झाडाखाली उभे राहून पाह्यत. कुळवाले हात लावत नाईत, म्हनून एकटाच. ओलं कातडं उचलून आनलं, त्याच्या अंगावर घातलं, पंज्यावर पंजा, तोंडावर तोंड. बसत नव्हतं नीट. मंग माती लोटली. लालसूनं वाघाच्या नावाचं नवं मडकं फोडलं. मंग त्यानं आनखी एक मडकं मागितलं, मले वाटलं रीत असन, अन् ते माह्या पायांपुढं फोडलं. म्हने, आमच्या घरचे दोन मेले.

तीन दिवस मी त्या गावात होतो. कुनी जा म्हटलं नाई, कारन मेलेल्याले कोन जा म्हनते. मी समोरून गेलो तं लोकं बोलता बोलता बोलत राह्यत, जसं काई वारं गेलं. लेकरं बी पाह्यत नसत, त्याइले सांगून ठेवलं असन. झुरीची माय कुंपनाबाहेर पानावर भात ठेवे, मेल्याले ठेवतात तसा, तो मी खाल्ला. चौथ्या दिवशी निघालो. बैल तिथीच सोडला.

अहेरीले आलो, सेठाले सारं सांगितलं. त्यानं एकच इचारलं, कातडं कुठी हाय. म्हटलं मातीत. तो म्हने, पागल हाय का तू. मी उठून गावाकडे निघालो. बाप दारातच होता, मी दूर उभा राह्यलो, म्हटलं तो धंदा सोडला. बापानं इचारलं, जेवला का. एवढंच. अन् मी त्या रात्री माह्या घरी जेवलो, पन काय सांगू, मले असं वाटे की मी उगाच कोनाचं तरी ताट घेऊन बसलो. बाप दोन वर्सांत गेला. सोयरिकी आल्या दोन, एक पोरगी तं बहुत चांगली होती, मास्तरीन होती, मी नाई म्हटलं. लोकं इचारत काऊन. आता मी काय सांगू, की मी मेलेला हाव. येड्यात काढलं असतं.

मंग कायदा आला, कातड्याचा धंदा बंद झाला, सेठाच्या पोरानं गोदामात तेंदूपानं भरली. अन् मी पुन्हा अहेरीले आलो, लाकडाच्या डेपोत हमाली केली, थकेपर्यंत केली. इथीच काऊन, तं बाजाराच्या दिवशी इथी माडिया बोली ऐकू येते. मी बाजाराच्या दिवशी कामाले जात नसो, मिरच्यांच्या रांगेपाशी बसून राही, ऐकत. त्या गावचे लोकं इकडे येत नाईत, त्याइचा बाजार वेगळा, ते मले मालूम होतं. आले असते तं मी उठून पळालो असतो. झुरीचं काय झालं ते मी पन्नास वर्सांत कोनाले इचारलं नाई, कोनी काई सांगितलं असतं तं ते घेऊन खोलीवर एकटंच जावं लागलं असतं ना.

आता गेल्या सालची गोष्ट. बीपीच्या गोळ्यांसाठी दवाखान्यात जातो मी. तिथी आतल्या गावांतून मानसं येतात, डॉक्टर नवीन, बोली समजत नाई, तं मले बसवून घेतात, बाबा जरा सांगा. मले बी बरं वाटते, तेवढंच कोनी हाक मारते. एक नवीन नर्स पोरगी आली, माडियाच, चटपटीत. मी एका बुढीले समजावून राह्यलो होतो गोळी कधी घ्यायची, तं ही मागं उभी राहून ऐके. म्हने, बाबा, हे तुमी कुठी शिकले, सारे माडिया असं नाई बोलत, हे तं आमच्या गावचं बोलनं हाय, तुमी माह्या आजीसारखं बोलता. मी इचारलं कोनतं गाव. तिनं सांगितलं. मी इचारलं आजी कोनाची. म्हने, लालसूची झुरी. मी भिंत धरली. पोरगी म्हने, बीपी वाढला वाटते, बसा.

आजी जित्ती हाय. वाकली, पन मोहफुलं येचायले अजून जाते. हळूहळू पोरीनं सारं सांगितलं, मी इचारायच्या आधीच सांगे, तिले बी इथी एकटं वाटे. म्हने, आजोबा आजीचा दुसरा मानूस, तो बी गेला. पयला मानूस बाहेरचा होता म्हने आजीचा, मिठाचा बैल घेऊन यायचा. थंडीतापानं मेला पावसात, नदी भरली होती, कोनी येऊ शकलं नाई. चांगला होता म्हने बहुत, आजी सांगते, हातात कसब होतं, अन् आमच्या घरी तीन पेरे राबला. त्याचा दगड हाय गावाबाहेर. मेलेल्या मानसाच्या नावानं दगड उभा करतात ना ते, घरच्या साऱ्यांचे एका रांगेत. पोरगी म्हने, जुना गायता नाई म्हनत होता, बाहेरच्याले दगड कशाले, तं आजी जेवलीच नाई, म्हने, मेला म्हनता ना, मंग मेल्याचा दगड द्या. तिसऱ्या दिवशी उभा केला. नवं धान आलं की आजी पयला भात तिथी ठेवते, मी लहान होती तं पान मीच धरायची.

मी काय इचारलं असन बाई त्या पोरीले? इचारलं, केवढा हाय दगड. ती हासली, म्हने, हे काय इचारनं झालं, अन् गुडघ्याच्या वर हात दाखवला, एवढा. चांगला मोठा हाय.

पोरगी मागं लागली हाय, चला बाबा एकदा, आता पूल झाला, बस जाते, आजीले तुमचं बोलनं ऐकून बहुत बरं वाटन. मी म्हनतो गुडघे दुखतात. गुडघे नाई दुखत, तुमी पाह्यलंच मले जिना चढून येताना. तिथी अजून कोनी असन कातड्याची गोष्ट मालूम असलेलं, तं एक झुरीच. तिनं ती कोनाले सांगितली नाई, नातवंडांनाही नाई, एवढ्या वर्सांत तिनं त्या मिठवाल्याचं सारं धुऊन काढलं अन् त्याले तापानं मारला. मी दारात जाऊन उभा राह्यलो तं तिले त्या पोट्टीसमोर खरं सांगावं लागन, नाईतं खोटं बोलावं लागन, अन् दोन्ही बी मले तिच्याकडून नको. म्हनून गावाचं नाव तुमाले नाई सांगत. झुरी अन् लालसू हे नावं बी मी बदलून सांगितले, इचारू नका. तिच्या घरी धान भरपूर येवो, तिचे डोळे शेवटपर्यंत चांगले राह्यवो, त्या पोट्टीले चांगलं घर मिळो. मले एकटं वाटते बाई, खोटं कशाले बोलू, रोज वाटते, पन आता त्यात थोडा फरक पडला हाय. झुरीचा पयला मानूस चांगला होता अन् चांगला मेला. त्याले मी जित्ता करत नाई.